चौदा बिऱ्हाडं

समोरच्या शाळेच्या भिंतीवरचं घड्याळ गेलं होतं. गॅसवर दूध ठेवून मी सवयीने खिडकीकडे मान वळवली, तर जिथे दोन काटे असायचे तिथे भिंतीवर नुसता एक फिकट गोल उरला होता आणि त्यात चार भोकं. भिंतीला रंग द्यायचा असेल, नाहीतर नवं घड्याळ आणायचं असेल. सव्वीस वर्षं मी या ओट्याशी उभी राहून वेळ बघत आले. कुकरच्या शिट्ट्या, ऑफिसची बस, निवृत्तीनंतर ताईच्या डोळ्यांतले थेंब, सगळं त्या घड्याळावर चालायचं. आणि त्या फिकट गोलाकडे बघताना मला पहिल्यांदा कळलं की आमच्या स्वयंपाकघरात घड्याळ नाही. कधी नव्हतंच.

"ताई, आपलं घड्याळ कुठे आहे?" मी विचारलं. ताई म्हणजे माझी मोठी बहीण. दोघी एकट्या पडल्यावर आम्ही एकत्र राहायला लागलो, त्याला नऊ वर्षं होतील. ती टेबलाशी पेपर वाचत होती. मान वर न करता तिने फ्रिजच्या वरच्या भिंतीकडे बोट केलं.

"ते काय तिथे."

"तिथे कॅलेंडर आहे."

तिने चष्मा सरळ करून बघितलं. बराच वेळ बघितलं. "मग मी नऊ वर्षं वेळ कुठे बघतेय?"

दूध उतू गेलं. गॅस बंद करून मी ओटा पुसायला लागले, आणि हातात ते ओलं फडकं असतानाच मला एकदम आठवलं, अंधारात नसलेल्या पायरीवर पाय पडावा तसं. झडपांच्या नोंदी आत नव्हत्या. त्या मी बाहेर ठेवल्या होत्या. मी, याच हातांनी, अकरा वर्षांपूर्वी. आणि आदल्या संध्याकाळी मला ऑफिसमधून मेसेज आला होता, तो वाचून मी आनंदाने ताईला चहा करून पाजला होता: 'मॅडम, चौदाही बिऱ्हाडं सुखरूप नव्या घरी पोचली. जुना सर्व्हर बंद केला. उद्या अकराला गाडी येऊन नेईल, डिस्कचा चुरा करतील. तुमची आठवण आली.'

मी पाणीखात्याच्या संगणक विभागात एकतीस वर्षं काम केलं. लागले तेव्हा एक मशीन एका खोलीएवढं होतं. सोडलं तेव्हा एका मशीनमध्ये चौदा मशीनं राहायची. त्यांना कंटेनर म्हणतात. मी बिऱ्हाडं म्हणायची, आणि हसता हसता सगळं ऑफिसच तसं म्हणायला लागलं. सर्व्हर म्हणजे इमारत. पाया एक, जिना एक, गच्चीवरची टाकी एक. पण प्रत्येक बिऱ्हाडाचं दार वेगळं, पाटी वेगळी, आतला कारभार वेगळा. बिलांचं एक, तक्रारींचं एक, पंपांचं एक, झडपांचं एक, अशी चौदा. नवीन माणसाला शिकवताना मी दोन पडदे शेजारी शेजारी उघडून ठेवायची. एका पडद्यावर बिऱ्हाडाच्या आतून बघायचं. तिथे जे काम सगळ्यात आधी जागं झालं, ज्याच्या जिवावर बाकी सगळी उभी राहिली, त्याचा क्रमांक एक. दुसऱ्या पडद्यावर तेच काम इमारतीच्या जिन्यातून बघायचं. तिथे त्याचा क्रमांक सत्तावीस हजार चारशे अठरा. मालकीचे क्रमांक आणखी वेगळे: आत जो सगळ्यांचा मालक, तो बाहेर एक लाखावा साधा भाडेकरू. आणि आतल्याला हे माहीत नसतं. कधीच कळत नाही. तो आपल्या राज्यात सुखाने राज्य करतो, आणि ज्या पायावर तो उभा आहे त्यावर अशीच आणखी तेरा राज्यं आपापल्या पहिल्या क्रमांकासह चाललेली असतात. शंभर वेळा तरी मी हे दाखवलं असेल, आणि दर वेळी माझ्या हातावर काटा आला आहे. शिकणाऱ्यांपैकी कोणी मान डोलवायचं, कोणी लिहून घ्यायचं. एकदा एका मुलीने विचारलं होतं, "मॅडम, मग आपला खरा क्रमांक किती?" तीच पुढे माझ्या खुर्चीवर आली. आता तिला सगळे इन्चार्ज म्हणतात.

आणि बिऱ्हाड हलवणं ही तर त्याहून मोठी गोष्ट. इमारत जुनी होते, पंखे कुरकुरायला लागतात, नवी इमारत आणावी लागते. मग एकेक बिऱ्हाड क्षणभर गोठवायचं. माणूस बोलता बोलता थांबावा आणि शब्द अर्धा तोंडात राहावा, तसं. त्या अर्ध्या शब्दासकट त्याला उचलायचं, तारेतून पलीकडे न्यायचं, ठेवायचं, आणि जागं करायचं. ते शब्दाचा उरलेला अर्धा बोलून टाकतं आणि कामाला लागतं. आतल्या घड्याळात दोन-तीन सेकंदांची एक खाच पडते, एवढाच काय तो पुरावा. पाया बदलला, जिना बदलला, सगळी इमारत बदलली, आणि आत चहाचा कपसुद्धा हलला नाही. इतकं अलगद कोणी मला एका आयुष्यातून दुसऱ्यात नेलं असतं तर. मी तर तीनदा घर बदललं आणि तिन्ही वेळा सहा-सहा महिने दिव्याचं बटण चुकीच्या भिंतीवर चाचपडत राहिले.

पण एक मेख असते. अकरा वर्षांपूर्वी मोठी जलवाहिनी फुटली होती, तीन दिवस अर्धं शहर कोरडं होतं. शहरभरचे चावीवाले, म्हणजे रस्त्यातल्या झडपा उघडबंद करणारी माणसं, फोनवरून फोटो पाठवत होते आणि झडपांच्या बिऱ्हाडात जागा संपली. भराभर काहीतरी करायला हवं होतं. मी बाहेर, इमारतीच्या मोठ्या डिस्कवर, एक फोल्डर केलं, जुन्या सगळ्या नोंदी त्यात हलवल्या आणि ते बिऱ्हाडाला आतून जोडून दिलं. आतून बघणाऱ्याला ते आपल्याच माजघरातलं कपाट वाटतं. उघडता येतं, ठेवता येतं, काढता येतं. फक्त ते त्या घरात नसतं. बिऱ्हाड उचललं की कपाट मागे राहतं. सोमवारी नीट करू असं मी म्हणाले होते. दोन दिवसांचा प्रश्न होता.

आणि त्या नोंदी कशाच्या, तर थोरल्या चावीवाल्यांच्या डोक्याच्या. त्यांना सगळे थोरले म्हणायचे, कारण त्यांच्या हाताखाली सगळे शिकले. निवृत्तीला दोन वर्षं राहिली तेव्हा ते आपणहून माझ्याकडे आले, टोपी मांडीवर ठेवून म्हणाले, "बाई, माझं डोकं भरलंय. कुठेतरी ओतायला पाहिजे." मग दोन वर्षं दर बुधवारी दुपारी ते माझ्या शेजारी बसून सांगायचे आणि मी लिहायची. शहराच्या पोटात तीन हजारांवर झडपा. त्यातल्या कितीतरी डांबराखाली गेलेल्या, कागदावरच्या नकाशात एकीकडे आणि प्रत्यक्षात दुसरीकडे. कुठली उजवीकडे फिरते, कुठली उलटी, कुठलीला किती वेढे, कुठलीचा दांडा आतून झिजलाय. 'दवाखान्याच्या कोपऱ्यापासून साडेचार पावलं.' मी विचारायची, कोणाची पावलं? ते म्हणायचे, "माझी, आणखी कोणाची?" शेवटी मी त्यांच्या बुटाशेजारी पट्टी ठेवून फोटो काढला आणि तोही नोंदीत घातला. ते डोळे मिटून रस्त्यावरून चालत जायचे, माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून. मधेच थांबायचे, "इथे गटाराचं झाकण होतं, थांबा," आणि मग तळहात हवेत फिरवायचे, एक, दोन, तीन. एवढं मोठं शहर एका माणसाच्या मनगटात असतं हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. ते गेले त्यालाही आता सहा वर्षं झाली. ते कपाट अकराच्या गाडीत गेलं तर ते दुसऱ्यांदा जाणार होते, आणि या वेळी कायमचे. पुढच्या वेळी जलवाहिनी फुटली की शहर कोरडं पडेल, नाहीतर घरांत पाणी शिरेल, आणि माणसं डांबर उकरत झडप शोधत बसतील.

फोन लावला, उचलला नाही. मशीन रूममध्ये पंख्यांच्या आवाजात फोन ऐकू येत नाहीत, म्हणून सगळे बाहेर ठेवून आत जातात. तो नियम माझाच.

"मी ऑफिसला जाते," मी म्हणाले.

"कुठल्या?" ताई म्हणाली. "तुला निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, बाई."

मी तिला सांगितलं. तिने पेपरची घडी घातली आणि ज्या नजरेने चाळीस वर्षं पेशंटकडे बघितलं असेल त्या नजरेने माझ्याकडे बघितलं. ताई वॉर्डात नर्स होती. "मागच्या महिन्यात पण तू असंच सांगितलं होतंस."

तेच तर. मागच्या महिन्यात मी इन्चार्जला फोन करून सांगितलं होतं की पंपांच्या बिऱ्हाडाची एक जादा प्रत तळमजल्यावरच्या कपाटात, निळ्या डब्यात आहे. ते दोन दिवस शोधत होते. डबा नव्हता. कपाट नव्हतं. तळमजल्यावर ती खोलीच कधी नव्हती. इन्चार्ज फोनवर इतकं गोड बोलली की मला रडू आलं. त्यानंतर ताईने माझ्यासाठी डॉक्टरची वेळ घेतली आहे, पुढच्या गुरुवारची. मला कुठली आठवण खरी आणि कुठली मीच केलेली, हे आतून सांगता येत नाही. दोन्हींना सारखंच दार, सारखाच उजेड.

"डबा नव्हता, पण हे आहे," मी म्हणाले.

"आणि नसलं तर?"

"तर गुरुवारी डॉक्टरला सांगू."

ती उठली, पर्स घेतली. "चल. तू एकटी गेलीस तर वाटेत विसरशील कुठे चाललीस."

टॅक्सीत मला बोलत राहावंसं वाटत होतं. गप्प बसलं की ती आठवण हातातून निसटेल असं वाटायचं. मी म्हणाले, "ताई, आपल्या पहिल्या घराचं दार निळं होतं ना? आणि आत शिरलं की डावीकडे शिलाई मशीन. खिडकीतून पत्र्याचा आवाज यायचा." ताई बाहेर बघत होती. म्हणाली, "बरोबर आहे सगळं. फक्त तू त्या घरात राहिली नाहीस. ते सोडलं आणि पुढच्या वर्षी तू झालीस." मी म्हणाले, शक्यच नाही, मला पत्र्याचा आवाज ऐकू येतो. "मी सांगितलाय तो तुला," ताई म्हणाली. "ताप आला की गोष्टीऐवजी तेच मागायचीस. घर सांग, घर सांग. मी आवाज काढून दाखवायची." टॅक्सी सिग्नलला थांबली. मी ताईकडे बघितलं, तिच्या कानामागे पांढऱ्या केसांची बट सुटली होती. साठ वर्षं मी एका घरात जात-येत होते, डावीकडे वळून शिलाई मशीनवर हात ठेवत होते, आणि ते घर माझ्यात नव्हतंच. ते शेजारी बसलेल्या या बाईत होतं. ती खिडकीत बसून नाणी मोजत होती. मला भीती वाटायला हवी होती, पण भीती नव्हे, एखाद्या प्रचंड मोठ्या सभागृहाचं दार चुकून उघडल्यासारखं वाटलं, आणि आपण एवढ्याशा दाराशी उभे.

ऑफिसात सव्वादहा झाले होते. खाली नोंदवहीशी बसलेल्या बाईने मला ओळखलं, वर सोडलं. इन्चार्ज मशीन रूमच्या दारात कानातले बोळे काढत उभी होती. "मॅडम, तुम्ही? आणि ताईपण?" मी एका दमात सांगितलं. ती ऐकत होती, पण तिच्या चेहऱ्यावर तोच गोडवा पसरताना मी बघितला, मागच्या महिन्यातला. "मॅडम, काल संध्याकाळी चौदाही तपासली मी. एकेक. सगळी हिरवी आहेत. या, दाखवते म्हणजे तुम्हाला चैन पडेल." तिने झडपांचं बिऱ्हाड उघडलं, एक क्रमांक टाकला. लगेच नोंद आली, फोटोसकट. लोखंडी झाकण, त्यावर कोणाची तरी सावली, खाली वेढे, दिशा, तारीख, सगळं.

मी त्या फोटोकडे बघत राहिले. मग अकरा वर्षांपूर्वीचा तो सोमवार आलाच असेल. मी ते नीट केलं असेल. नाहीतर मुळात तसं काही झालंच नसेल, जलवाहिनी फुटली असेल पण कपाट मी आज सकाळी दूध पुसताना बनवलं असेल, डब्यासारखं. माझे कान तापले. ताई मागून माझ्या खांद्याला हात लावून म्हणाली, "झालं ना समाधान? चल." तो हात फार हलका होता. मी वळणार होते, पण त्या फोटोतल्या तारखेने मला धरून ठेवलं. मागच्या वर्षीची होती.

"जुनी उघड एखादी," मी म्हणाले. "थोरल्यांची. तीनशे अठरा."

"तीनशे अठराच का?"

"आठवली ती सांगितली."

पान आलं. पांढरं. वर झडपेचा क्रमांक, खाली काही नाही. तिने चारशे दोन टाकली. पांढरं. नऊशे नव्वद. पांढरं. मग तिच्या लक्षात आलं: चार वर्षांपूर्वी प्रोग्राम बदलला, तेव्हापासूनच्या नोंदी आत साठतात. त्याच्या आधीच्या सगळ्या कुठे साठतात हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. मीच सांगितलं नव्हतं. तिने ते फोल्डर उघडलं. आत शून्य. ती खुर्चीत मागे टेकली आणि फार हळू बोलली. "काल सुरू होताना हे एकटंच अडून बसलं होतं. म्हणत होतं, अमुक नावाचं फोल्डर बाहेर सापडत नाही. बाकी तेरा उठली होती, सहा वाजले होते. मी त्या नावाचं एक रिकामं करून दिलं. मग मुकाट उठलं."

"मीही तेच केलं असतं," मी म्हणाले, आणि ते खरं होतं. आमच्या धंद्यात मशीन काही मागायला लागलं की आधी त्याच्या हातात काहीतरी देऊन त्याला गप्प करायचं असतं.

"बॅकअप बिऱ्हाडाचाच घेतो आपण. बाहेरच्याचा नाही. मॅडम, तुम्ही ते बाहेर का ठेवलं होतं?"

"दोन दिवसांसाठी."

ती माझ्याकडे बघायला लागली, आणि मग आम्हा दोघींना हसू आलं. चांगलं हसू नव्हतं ते. पुढच्या क्षणी ती धावत जिन्याकडे गेली.

जुना सर्व्हर खाली मागच्या दाराशी ढकलगाडीवर होता, वरून पिवळी पट्टी, शिक्का. नेणारा माणूस कागद दुमडत होता. "सही झाली, सील झालं," तो म्हणाला. "आता हा माल माझ्या ताब्यात. उघडला तर मला जाब द्यावा लागेल." इन्चार्जने विनवलं, दुसरं सील देते म्हणाली, साहेबांना फोन लावते म्हणाली. तो मान हलवत राहिला. वाईट नव्हता माणूस, नियमाचा होता. तेवढ्यात ताई जिना उतरून, धापा टाकत आली, आणि तिने ना सर्व्हर बघितला ना सील.

"हे बोट कधीपासून सुजलंय?"

त्याने हात मागे घेतला. "परवा दारात सापडलं."

"दाखवा."

"काही नाही हो, आजी."

"आजी घरी. इथे नर्स आहे. दाखवा." तिने त्याचा हात पकडून उजेडात धरला. "आत पू झालाय. आज मोकळं केलं नाहीत तर नखासकट जाईल. ठणका लागतो ना? झोप येत नाही ना? मग शूरपणा कोणाला दाखवताय? बसा तिथे. अगं, गरम पाणी आण कोणीतरी." तो बसला. चाळीस वर्षं जिच्या आवाजावर सर्जनसुद्धा बाजूला व्हायचे, तिच्यापुढे तो बिचारा काय करणार. हात पाण्यात बुडवून तो इन्चार्जला म्हणाला, "घ्या. पण परत द्याल तेव्हा सील नवं आणि सही दोघींची."

आम्ही तो लिफ्टने वर आणला, टेबलावर ठेवला. इन्चार्जने वीज जोडली आणि सवयीने नेटवर्कची केबल उचलली. मी तिचा हात धरला. "ती नको. नेल्या त्या प्रती, मूळ चौदा याच्या आत तशीच आहेत, हा उठला की तीही उठतील. दोन ठिकाणी एकच नाव, एकच पत्ता. बाहेरच्याला कळणार नाही खरं कोण." तिने केबल खाली ठेवली. बटण दाबलं. काही झालं नाही. वर्षानुवर्षं न थांबलेली मशीनं एकदा थांबली की पुन्हा उठतीलच असं नसतं, हे आम्हा दोघींना माहीत होतं. मग आत कुठेतरी एक पंखा कण्हला, दुसऱ्याने त्याला साथ दिली, आणि तो सगळा ओळखीचा गडगडाट वर चढत आला. पडद्यावर एकेक ओळ उतरायला लागली. बिलं उठली. तक्रारी उठल्या. पंप उठले. झडपा उठल्या. चौदाही पहिले क्रमांक आपापल्या जागी बसले, आणि त्यांच्या लेखी कालची संध्याकाळ संपून आजचा दिवस उजाडला होता, एवढंच. भिंतीपलीकडे, नव्या सर्व्हरमध्ये, तीच चौदा, त्याच नावांनी, काल संध्याकाळपासून कारभार करत होती. यांना त्यांची खबर नव्हती, त्यांना यांची. झडपांच्या बिऱ्हाडात दर पाच सेकंदांनी एक ओळ येत होती: चावीवाल्यांच्या फोनशी संपर्क नाही, पुन्हा प्रयत्न करत आहे. पुन्हा प्रयत्न करत आहे. त्याच्याकडे सगळं होतं आणि त्याचं कोणी ऐकत नव्हतं. पलीकडच्याचं सगळे ऐकत होते आणि त्याच्याकडे पांढरी पानं. मी दोन्ही हातांनी टेबल धरून उभी राहिले. देवळात किंवा डोंगरावर माणसाला जे होतं म्हणतात ते मला इथे होतं, पहिल्या दिवसापासून. कोणाला सांगायची सोय नव्हती.

फोल्डर होतं. बाहेर, मोठ्या डिस्कवर, मी दिलेल्या नावाने. एकवीस हजार चारशे साठ फाइली. इन्चार्जने एक छोटी सुटी डिस्क लावली आणि त्यावर फाइली उतरायला लागल्या. ती चढणारा आकडा बघत होती, मग एकदम म्हणाली, "मॅडम, मी मघाशी तुमच्यावर विश्वास ठेवला नव्हता."

"मीपण नव्हता ठेवला," मी म्हणाले.

नव्या सर्व्हरवर नेऊन ठेवल्यावरही नोंदी उघडेनात. मालकाच्या रकान्यात सगळीकडे एकच लिहून आलं: कोणाचीच नाही. जुन्या इमारतीत जो मालक एक लाखावा, तो नव्या इमारतीत दहा लाखावा, त्यामुळे नव्याला आपलंच सामान ओळखू येईना. एकवीस हजार चारशे साठ वस्तूंना नवा मालकी क्रमांक द्यायला एक ओळ पुरते. ती ओळ इन्चार्जने लिहिली आणि एंटर मात्र मला दाबायला लावलं. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला.

"चावीवाला बोलतोय," पलीकडून आवाज आला. "मागच्या रस्त्यावर उभा आहे. खाली गळती आहे, बाराशे सात बंद करायचीय. सकाळपासून पांढरं पान येतंय. मी आता तसाच फिरवतो."

"हात लावू नका," इन्चार्ज ओरडली नाही, पण जवळजवळ तसंच. "आता उघडा."

मग तो वाचायला लागला, अडखळत, मोठ्याने, आणि मला पहिल्या दोन शब्दांतच माझ्या शेजारची रिकामी खुर्ची भरल्यासारखी वाटली. "बाराशे सात. उलटी फिरते. वेढे एकोणीस. सतराव्याला अडेल. जोर लावू नये, दांडा मोडतो. हात तसाच ठेवून थांबावं. पाणी स्वतः सोडतं." तो थांबला. "मी सरळ फिरवणार होतो," तो म्हणाला.

इन्चार्जने जुना सर्व्हर बंद केला. गडगडाट उतरत गेला आणि खोलीत तिच्या श्वासाचा आवाज यायला लागला. खाली त्या माणसाच्या बोटाला ताईने पट्टी बांधली होती, त्याला दवाखान्याचा पत्ता दोनदा म्हणायला लावला होता. दोघींच्या सह्या झाल्या, नवं सील लागलं, गाडी गेली. सव्वाअकरा. मी ताईला म्हणाले, मागच्या रस्त्याने जाऊ.

फुटपाथच्या कडेला लोखंडी झाकण उघडं होतं. पन्नाशीचा एक माणूस लांब दांड्याची चावी आत घालून फिरवत होता आणि मोजत होता. आम्ही जवळ गेलो तेव्हा तेरा झाले होते. त्याने आमच्याकडे बघितलं, मी कोण ते सांगितलं. "म्हणजे लिहिलंय ते तुम्ही?" "लिहिलंय मी. सांगितलंय थोरल्यांनी." तो पुढे फिरवत राहिला. चौदा. पंधरा. सोळा. सतराव्याला दांडा अडला, भिंतीला लागावा तसा. त्याच्या खांद्यांत जोर भरून आला, मी तो बघितला, आणि त्याने तो परत उतरवला. हात तसेच ठेवून उभा राहिला. एक बस गेली. सायकलवरून कोणी गेलं. "किती वेळ थांबायचं ते नाही लिहिलं," तो म्हणाला.

"त्यांनी सांगितलं नाही," मी म्हणाले.

"धरता का जरा? जोर नको. नुसतं धरा, मला घाम पुसू द्या."

मी धरलं. ताईनेही पर्स काखेत मारून दुसऱ्या टोकाला हात ठेवले. लोखंड गार होतं आणि आतून थरथरत होतं. खालून, आमच्या पायांच्या किती खाली कोण जाणे, एवढ्या शहराचं पाणी झडपेच्या पत्र्याला खांदा लावून उभं होतं, आणि त्याचं वजन दांड्यातून माझ्या मनगटात, कोपरात, दातांत चढत होतं. इतकी वर्षं मी ते आकड्यांत बघितलं होतं. ताईने माझ्याकडे बघितलं, तिचे ओठ किंचित उघडे होते. चावीवाल्याने रुमाल खिशात टाकला आणि आमच्या हातांच्या मधे आपले हात ठेवले. कोणी ढकललं नाही. मग थरथर पातळ होत गेली, एखाद्याने लांब श्वास सोडावा तशी, आणि आमच्या सहा हातांखाली तो दांडा आपणहून हलला.

"अठरा," चावीवाला म्हणाला, अगदी हळू.